निर्माता करतो तरी काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. देगलूरला माझ्या ओसरीवर एक जुना विद्यार्थी येऊन बसला. आता विद्यार्थी म्हणायचा, पण वय पस्तिशीच्या पुढं गेलेलं. घरी आठ एकर कोरडवाहू, त्यातली चार रस्त्याला लागून. चहा झाला, सोयाबीनच्या भावाचं बोलणं झालं, आणि मग तो हळूच म्हणाला, "गुरुजी, दोन एकर काढतो न् पिक्चर काढतो."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण नाही. पुण्यातल्या कुणा माणसानं त्याला हिशेब करून दिला होता. तीस लाख टाकायचे, सरकारी अनुदान मिळतं, उरलेलं मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या देतात, आणि पोस्टरवर निर्माता म्हणून फोटो. मी विचारलं, "अरे, पण निर्मात्यानं करायचं काय असतं?" तो म्हणाला, "काय करायचं म्हणजे? पैसे द्यायचे की!"

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही नीट उत्तर देता आलं नाही. नट काय करतो ते दिसतं. दिग्दर्शक 'कट' म्हणतो हेही आता शाळकरी पोराला माहीत आहे. निर्माता मात्र नावांच्या पाटीवर शेवटीशेवटी येतो आणि तोवर आपण चिवड्याची पुडी उघडत असतो. म्हणून आज एका निर्मातीची गोष्ट सांगायची ठरवली आहे. स्मिता तळवलकर. त्यांच्या कामावरून निर्माता म्हणजे काय हे मला जितकं उमगलं, तितकं तुमच्यापुढं ठेवतो.

स्मिताताईंचा जन्म 5 सप्टेंबर 1954 चा. माहेरच्या त्या गोविलकर. व्यायामशाळांमुळं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या तळवलकर घराण्यात त्या सून म्हणून आल्या. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि या केंद्राच्या मराठी बातम्या त्यांनी सतरा वर्षं वाचल्या. आज शंभर वाहिन्यांच्या गदारोळात त्या बातम्यांचा शांतपणा सांगून पटायचा नाही. काठाची साडी, केसांत एखादं फूल, आणि एकही शब्द वर नाही की खाली नाही. लोक वृत्तनिवेदिकेला घरातल्या माणसासारखं ओळखत.

सतरा वर्षं हा थोडा काळ नव्हे. माझा आपला एक तर्क आहे, की पुढच्या धंद्याचं निम्मं शिक्षण त्यांचं तिथंच झालं असावं. बातमीपत्राला वेळ म्हणजे वेळ. कागद हातात उशिरा आला, दिवा गेला, घसा बसला, तरी ठरल्या मिनिटाला सुरू आणि ठरल्या मिनिटाला बंद. सिनेमातला पैसा बुडतो तो बहुतेक वेळा चोरीनं बुडत नाही, वेळ न पाळल्यानं बुडतो. नट आला, प्रकाश नाही. प्रकाश आला, कॅमेरा नाही. तोवर शंभर माणसांचा भत्ता चालूच.

1986 च्या सुमाराला त्या पडद्यावर आल्या. 'गडबड घोटाळा' आणि 'तू सौभाग्यवती हो' हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट. नाव होतं, चेहरा परिचयाचा होता. बाई सुखानं भूमिका करत राहिल्या असत्या. पण तीन वर्षांत त्यांनी स्वतःची संस्था उभी केली, अस्मिता चित्र, आणि 1989 साली 'कळत नकळत' काढला.

आता त्या वेळचा मराठी सिनेमा आठवा. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' 1985 चा, सचिन यांचा 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ ही नावं पाटीवर असली की थिएटरवाला दार उघडायचा. वाईट होते का ते सिनेमे? मुळीच नाही, मी स्वतः 'बनवाबनवी' किती वेळा पाहिला ते सांगत नाही. पण वितरकाच्या डोक्यात एकच साचा पक्का झाला होता. अशा वेळी या बाईंनी गोष्ट कोणती निवडली? सुखवस्तू घरातला नवरा ऑफिसातल्या मुलीत गुंततो, बायको मोडून पडते, आणि दोन लहान मुलं काही न कळता सगळं बघत राहतात. विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे. आणि अशोक सराफ? तेही होते, पण लोकांना हसवून लोळवणारे अशोक सराफ नव्हेत. फुरंगटलेल्या मुलांची समजूत काढणारा, त्यांच्यासाठी गाणं म्हणणारा घरातला माणूस. ज्या नटाच्या नावावर तिकीट खपतं त्याला घ्यायचं आणि तो जे नेहमी करतो ते त्याच्याकडून करवून घ्यायचं नाही, यात निर्मात्याची छाती दिसते. त्यात पुन्हा दिग्दर्शनाची जबाबदारी कांचन नायक यांच्यावर.

'कळत नकळत'ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या गाण्यासाठी अनुराधा पौडवाल यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्याच निर्मितीला हे यश.

इथं थोडं थांबून पैशाचं बोलू, कारण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तोच आहे.

तेव्हा सिनेमा फिल्मवर निघे. पस्तीस मिलिमीटरची हजार फूट फिल्म म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटं. फिल्म विकत आणायची, उघडली की ती वापरून संपवायची, मग प्रयोगशाळेत धुवायची. नट वाक्य चुकला की ती फिल्म वाया. दिग्दर्शक म्हणाला "आणखी एकदा घेऊ", की निर्मात्याच्या पोटात कालवलंच पाहिजे. आणि तरी काही ठिकाणी त्यानं स्वतः म्हणायचं असतं, "हो, घ्या आणखी एकदा." कुठं हो म्हणायचं आणि कुठं नाही, हे ज्याला कळतं तो निर्माता. नुसते पैसे सावकारही देतो.

सिनेमा तयार झाला म्हणजे संपलं असंही नाही. त्याच्या प्रती काढायच्या, ज्याला सगळे प्रिंट म्हणत. मराठी निर्मात्याच्या खिशाला मोजक्याच प्रिंट परवडत. त्या आधी पुण्या-मुंबईला फिरत, मग नाशिक-कोल्हापूर, मग आपल्याकडं.

आपल्याकडं म्हणजे कुठं? ही एक गंमत ऐका. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे भाग पाडलेले आहेत, त्यात मराठवाडा मुंबईच्या भागात येत नाही. तो येतो 'निजाम' भागात, हैदराबाद-तेलंगण आणि बिदर-गुलबर्ग्याच्या बरोबर. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, 1960 ला महाराष्ट्र झाला, पण वितरकांच्या वहीत आम्ही निजामातच राहिलो. देगलूर तर तेलंगण आणि कर्नाटक या दोन्हींच्या सीमेवरचं गाव. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी उर्दू अशा चारही भाषांत घासाघीस चालते. मोठ्या तेलुगू नटाचा सिनेमा इथं आला की पोरं पोस्टरवर दूध ओततात. अशा गावात मराठी सिनेमाची वाट कशी असेल, कल्पना करा.

माझा मावसभाऊ त्या काळी थिएटरात ऑपरेटर होता. सिनेमा पत्र्याच्या पेटीतून एसटीनं यायचा. "पेटी आली का?" हा आमचा त्या काळचा प्रश्न. नांदेडला, लातूरला, परभणीला झिजून झिजून प्रिंट आमच्यापर्यंत येई, तेव्हा पडद्यावर नुसता पाऊस. कधी गाण्याचा अर्धा तुकडाच गायब. मावसभाऊ अॅसिटोनच्या वासाच्या सिमेंटनं तुकडे जोडून खेळ चालवी. पेटीबरोबर वितरकाचा एक माणूस येई आणि खेळागणिक तिकिटांचा आकडा लिहून घेई. थिएटरचं भाडं, वितरकाची टक्केवारी, जाहिरातीचा रिक्षा, सगळं वजा जाऊन जे उरे ते निर्मात्याच्या दाराशी पोचे. पोचलं तर.

या धंद्यात टिकाव लागावा म्हणून महाराष्ट्र सरकारनं 1975 च्या सुमाराला करमणूक कर परत देण्याची योजना आणली होती. एका मराठी सिनेमानं भरलेला कर त्याच निर्मात्याला पुढच्या मराठी सिनेमासाठी मिळे. म्हणजे पहिला सिनेमा चालला तर दुसऱ्याला आधार. नंतर त्या जागी अनुदान आलं. पण ते हातात पडतं सिनेमा पुरा झाल्यावर, समितीनं पाहून दर्जा ठरवल्यावर. पेरणीला ते उपयोगी नाही, मळणी झाल्यावर मिळालं तर मिळालं. पुण्याच्या त्या माणसानं माझ्या विद्यार्थ्याला नेमकं हेच सांगितलं नव्हतं.

असो. 1991 साली स्मिताताईंचा 'चौकट राजा' आला. लहानपणीच्या अपघातानं बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू, त्याला जिवापाड जपणारी गरीब आई, आणि वर्षांनंतर अचानक भेटलेली बाळपणीची मैत्रीण मीनल. नंदू दिलीप प्रभावळकर, आई सुलभा देशपांडे, आणि मीनल स्वतः स्मिता तळवलकर. दिग्दर्शक होते संजय सूरकर, आणि चित्रपट म्हणून हे त्यांचं पहिलंच काम. मीनलचा नवरा दिलीप कुलकर्णी यांनी केला आहे. त्याच्या मनात नंदूविषयी जो संशय आणि चीड येते ती इतकी खरी आहे, की त्याला नुसता दुष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

मी हा सिनेमा नांदेडला जाऊन पाहिला. बाहेर आल्यावर एसटी स्टँडपर्यंत बरोबरचं कुणी बोललं नाही. आमच्या गल्लीत असा एक मुलगा होता. त्याला आम्ही काय नावानं हाक मारायचो, ते इथं सांगण्यासारखं नाही. तो सिनेमा पाहिल्यावर ती हाक माझ्या तोंडून पुन्हा निघाली नाही.

त्याच 1991 साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. आमच्या देगलूरला बाया ट्रॅक्टर भरभरून आल्या. थिएटरवाल्यानं जादा बाकडी टाकली, पदर ओले होईस्तोवर रडारड. त्या गर्दीपुढं 'चौकट राजा' कुठं टिकणार? आमच्याकडं तो उशिरा आला आणि चार दिवसांत गेला. मावसभाऊ म्हणाला, "सिनेमा चांगलाय रे, पण बायांना रडायला पुरेना." आता उलट बघा. तीस वर्षं उलटून गेली, नंदू अजून लोकांच्या तोंडी आहे. पण या तीस वर्षांच्या कौतुकातून 1991 सालच्या प्रयोगशाळेचं बिल भागत नाही. निर्मात्याचं दुखणं ते हेच. टिकणारी गोष्ट आणि फेडायचा हप्ता यांच्या तारखा जुळत नाहीत.

1993 साली 'सवत माझी लाडकी' आला. या वेळी दिग्दर्शनही त्यांचंच. विषय तसा 'कळत नकळत'चाच, नवऱ्याचं बाहेर मन जाणं. पण या वेळी बायको रडत माहेरी जात नाही. ती डोकं चालवते, सवतीलाच संसाराची चव चाखवते, आणि बघणारे हसतात. मोहन जोशी, नीना कुलकर्णी, वर्षा उसगावकर. एकच दुखणं चार वर्षांत एकदा रडून आणि एकदा हसून सांगितलं. मला विचाराल तर दुसरा सिनेमा जास्त अवघड होता.

आता दूरचित्रवाणी. इथंही निर्माता म्हणजे काय, हे काळाप्रमाणं बदलत गेलं. दूरदर्शनच्या दिवसांत प्रायोजित मालिकेची रीत अशी, की निर्मात्यानं तेरा भागांचा प्रस्ताव द्यायचा, मंजुरी मिळाली की मालिका स्वतःच्या खर्चानं करायची, वर दूरदर्शनला प्रक्षेपणाचं शुल्क भरायचं. बदल्यात जाहिरातींसाठी काही सेकंद मिळत. ते सेकंद साबणवाल्याला, तेलवाल्याला विकून पैसा वसूल करायचा. म्हणजे बाजीरावाची मालिका काढायची तर आधी साबण विकणाऱ्या कंपनीच्या पायऱ्या झिजवायच्या! हे मी गमतीनं म्हणतोय, पण स्मिताताईंनी खरोखरच बाजीरावाची मालिका काढली होती. ना. सं. इनामदारांच्या कादंबरीवरची 'राऊ'. मनोज जोशी बाजीराव आणि अश्विनी भावे मस्तानी. पुढं 'पेशवाई'ही त्यांचीच. ऐतिहासिक मालिका म्हणजे घोडे आले, पगड्या आल्या, आणि रोजच्या भाड्यानं वाडे आले. घोड्याला रिटेक कळत नाही.

मग खासगी वाहिन्या आल्या. 1999 साली अल्फा मराठी सुरू झाली, जी पुढं झी मराठी झाली. इथं रीत उलटी. वाहिनी प्रत्येक भागाचे ठरलेले पैसे निर्मात्याला देते, आणि साधारणपणे मालिका मग वाहिनीच्या मालकीची होते. जोखीम कमी झाली, पण मालकीही गेली. या नव्या व्यवस्थेत त्यांची 'अवंतिका' आली, 2002 साली. स्नेहलता दसनूरकरांच्या कथेवर आधारलेली. मृणाल कुलकर्णी नायिका, दिग्दर्शन पुन्हा संजय सूरकर यांचं. आमच्याकडं तोवर केबल आली होती, आणि 'अवंतिका'च्या वेळेला दारात आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायला उशीर व्हायचा हे मी स्वानुभवानं सांगतो. लोडशेडिंगची वेळ आणि मालिकेची वेळ एक आली, तर घरोघर वीज मंडळाचा उद्धार होई. पुढं 'ऊन पाऊस', 'सुवासिनी' अशा मालिका येत राहिल्या.

वरचा सनावळीचा हिशेब पाहिलात तर एक गोष्ट लक्षात येईल. 1989, 1991, 1993, आणि मग 1998. 1998 साली त्यांचा 'तू तिथे मी' आला. मधली वर्षं मला नेहमी विचार करायला लावतात. चित्रपट एका दमात सगळा पैसा मागतो, मालिका महिन्याच्या महिन्याला पैसा फिरता ठेवते. ज्या घरी फक्त कोरडवाहू आहे तो एका पावसावर जगतो. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याला दुधाचा आधार असतो. मालिका म्हणजे त्यांच्या म्हशी होत्या, असं मी समजतो. कॅमेरामन, मेकअपवाला, रंगभूषेचा पेटारा, जमलेला दिग्दर्शक, ही सगळी माणसं मालिकेमुळं हाताशी राहिली, आणि मनासारखी गोष्ट मिळाली तेव्हा सिनेमा निघाला.

'तू तिथे मी'ची गोष्ट साधी आहे. निवृत्त झालेला बाप आणि आई, मोहन जोशी आणि सुहास जोशी. मुलांच्या सोयीसाठी बाप एका मुलाकडं, आई दुसऱ्याकडं. उतारवयातला हा विरह. दिग्दर्शन सूरकर यांचं. या चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीत 'बागबान' आला तो पाच वर्षांनी, 2003 मध्ये. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र 'बागबान' माहीत आहे. त्याच्या पेट्या जास्त होत्या ना!

2004 साली 'सातच्या आत घरात' आला, तोही सूरकर यांच्याच दिग्दर्शनाखाली. 'चौकट राजा'पासून ही जोडी टिकली. नव्या माणसाला पहिला सिनेमा द्यायचा आणि मग पुन्हा पुन्हा त्याच्यापाठीशी उभं राहायचं, हेही निर्मात्याच्या कामात मोडतं. अस्मिता चित्रच्या नावानं त्यांनी अभिनय शिकवणारी अकादमीही चालवली. 2012 साली संजय सूरकर अकाली गेले. स्मिताताई स्वतः तेव्हा कर्करोगाशी झगडत होत्या. 6 ऑगस्ट 2014 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. साठाव्या वाढदिवसाला महिना राहिला होता.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला तुटक तुटक सांगितलं, दोन-तीन बैठकांत. तो हुशार आहे. शेवटी मलाच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही एवढं सांगता, पण दादासाहेब फाळक्यांनी तरी काय केलं? विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बायकोचे दागिने गेले. त्यांनी विचार केला असता तर 'राजा हरिश्चंद्र' झाला असता का?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "बाबा, फाळके फोटोग्राफी शिकलेले, छापखाना चालवलेले, ब्लॉक करणारे गृहस्थ. पॉलिसीवर पैसे काढून विलायतेला गेले ते कॅमेरा आणायला आणि विद्या शिकायला. परत आल्यावर आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचा कोंब वाढताना रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं, आणि ती इवलीशी फिल्म दाखवून पैसा उभा केला. आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र. तुझा वाटाणा कुठाय?"

तो गप्प बसला. मग मी विचारलं, "गोष्ट काय आहे तुझ्या सिनेमाची?" तर म्हणाला, गोष्ट पुण्याच्या माणसाकडं आहे, तो सांगेल. "आणि तुझ्याकडं?" बराच वेळ त्यानं चपलेच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग सांगू लागला. त्याची आजी तेलंगणातली, लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. आजोबांना तेलुगू येत नव्हतं. पहिली दोन वर्षं दोघं नवरा-बायको एकमेकांशी म्हशीच्या नावानं बोलत. म्हणजे ती म्हशीला तेलुगूत काही सांगायची, आणि आजोबा म्हशीला मराठीत उत्तर द्यायचे. त्याची आत्या अजून हे सांगते आणि सांगताना रडते की हसते ते कळत नाही.

मी म्हटलं, "हे लिहून आण. दहा पानं आण. आत्याला मोबाइलवर बोलतं कर, त्याला एकराचा खर्च नाही."

"आणतो," म्हणाला आणि उठला. रोहिणीचा पाऊस आला, मग पेरण्या लागल्या. अजून पानं आलेली नाहीत. पुण्याच्या माणसाचे फोन येतात म्हणे, हा उचलत नाही. परवा बाजारात त्याची बायको भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, हल्ली रातच्याला उठून वहीत कायतरी लिहितेत. सातबारा कपाटात ठेवलाय, चावी माझ्याकडं हाय."